प्रथम वर्षाची कसोटी

शाळेच्या मैदानावर घाम गाळलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या स्मरणात एखादे कडक शिस्तीचे शिक्षक असतातच. ज्यांचा त्या वयात धाक वाटला, त्यांच्यापैकी काहींविषयी पुढे कृतज्ञता दाटून येते, तर काहींविषयी केवळ कटुता उरते. हा भेद कशामुळे पडतो? अमेरिकेतील महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलचे एक उदाहरण या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकते.

शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा कायदा अमेरिकेत १९७२ साली संमत झाला. त्यानंतर दोन वर्षांनी टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाची धुरा अवघ्या २२ वर्षांच्या एका तरुणीकडे आली. त्याच पुढे पॅट समिट या नावाने विख्यात झाल्या. त्या शेतकऱ्याची कन्या. मुलीला शालेय संघात खेळता यावे म्हणून त्यांच्या वडिलांनी शेजारच्या गावी बिऱ्हाड हलवले होते. १९७४ ते २०१२ या ३८ वर्षांत समिट यांच्या संघाने १,०९८ सामने जिंकले आणि ८ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले.

त्यांच्या कठोरपणाची खरी झळ लागे ती प्रथम वर्षाच्या खेळाडूंना. याचे कारण समजून घेतले पाहिजे. शालेय संघात अशी मुलगी सर्वांत गुणी असते. चेंडू आपसूक तिच्याकडे येतो आणि बचावातील तिची ढिलाई गुणांच्या वर्षावात झाकून जाते. महाविद्यालयात मात्र समोरची प्रत्येक खेळाडू तितकीच उंच आणि चपळ असते. एकीचे पाऊल चुकले की उरलेल्या चौघींची बचावरचना कोलमडते. म्हणून समिट यांचा भर बचावावर आणि रिबाउंडवर, म्हणजे बास्केट हुकल्यावर परत उसळलेला चेंडू ताब्यात घेण्यावर, असे. सरावात त्या मुलींसमोर विद्यापीठातील मुलांना उभे करीत. अधिक बलवान प्रतिस्पर्ध्याशी रोज झुंजल्यावर प्रत्यक्ष सामन्याचे भय उरत नसे.

त्यांची करडी नजर आणि चढा आवाज प्रसिद्ध होता. तथापि, त्यामागे एक पद्धत होती. चूक दाखवली की खेळाडूने रुसायचे नाही वा सबब सांगायची नाही. ‘रिबाउंड’ एवढेच म्हणायचे. हुकलेला चेंडू जसा झेलायचा, तशीच टीकाही झेलून पुढे जायचे, हा त्याचा अर्थ. हीच शिस्त वर्गातही लागू होती. तासाला दांडी मारायची नाही आणि पहिल्या तीन रांगांतच बसायचे, असा दंडक होता. त्यांच्या संघात खेळण्याची पूर्ण मुदत संपवलेली प्रत्येक खेळाडू पदवीधर झाली, ही गोष्ट अजिंक्यपदांहून कमी मोलाची नव्हे.

१९९७-९८ च्या हंगामात चार नवागत मुली या संघात आल्या. त्यांत टमिका कॅचिंग्ज ही होती. जन्मतःच तिला कमी ऐकू येई. परंतु लहानपणी झालेल्या चेष्टेमुळे तिने श्रवणयंत्र वापरणे सोडले होते. समिट यांनी तिला पुन्हा श्रवणयंत्र वापरण्यास आणि वाचोपचार घेण्यास प्रवृत्त केले. त्या वर्षी संघाने ३९ पैकी ३९ सामने जिंकले. कॅचिंग्ज पुढे चार ऑलिंपिक सुवर्णपदकांची मानकरी ठरली. सरावात जराही सवलत न देणाऱ्या प्रशिक्षिकेने तिचे खरे उणे मात्र ममतेने हेरले होते.

येथेच सावध राहिले पाहिजे. कठोर प्रशिक्षकाचा आवाज उचलणे सोपे असते. त्याची आस्था उचलणे अवघड. घरापासून दूर आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीची शिष्यवृत्ती आणि संघातील स्थान प्रशिक्षकाच्या हाती असते. त्यामुळे अपमान झाला तरी ती बहुधा गप्प राहते. ‘तुझा बचाव ढिला आहे’ हे शिक्षण होय. ‘तू कुचकामी आहेस’ हे शिक्षण नव्हे. दुखापत असताना खेळायला लावणे किंवा चारचौघांत शरीरावरून टोमणे मारणे, याला शिस्त म्हणता येणार नाही. २०२१ साली अमेरिकेतील खेळाडूंना महाविद्यालय बदलून, एक वर्ष बाहेर न बसता, लगेच खेळण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून केवळ धाकाने संघ बांधून ठेवणे अधिकच कठीण झाले. ज्याच्याजवळ विश्वास आहे, त्याच्याचजवळ खेळाडू टिकतात.

२०११ साली समिट यांनी आपल्याला स्मृतिभ्रंशाचा विकार जडल्याचे जाहीर केले. तरीही आणखी एक हंगाम त्या मैदानावर उभ्या राहिल्या. २८ जून २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. अखेरीस त्यांची स्मृती त्यांना सोडून गेली. परंतु त्यांच्या विद्यार्थिनींच्या स्मृतीत त्या आजही आहेत. शिक्षकाच्या कठोरपणाचा हिशेब पहिल्या वर्षाच्या अश्रूंवरून मांडता येत नाही, तसा तो केवळ विजयांवरूनही मांडता येत नाही. मैदान सुटल्यानंतर विद्यार्थ्याच्या हाती काय उरले, हीच त्याची खरी कसोटी होय.