कुळाचा पक्ष, मंत्र्याची खुर्ची

१० मार्च २०२२ ला गोवा विधानसभेचा निकाल लागला आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या पदरात चाळीसपैकी दोन जागा पडल्या. निवडणूक त्यांनी तृणमूल काँग्रेसशी युती करून लढवली होती आणि प्रचाराचा सगळा रोख भाजपच्या सरकारवर होता. तृणमूलला भोपळाही फोडता आला नाही, भाजप वीसवर पोचला, आणि ज्यांना घालवा म्हणून मतं मागितली त्यांनाच मगोने पाठिंबा दिला. एप्रिलमध्ये सुदिन ढवळीकर मंत्री झाले. गोव्यात याचं कोणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. या पक्षाकडून लोकांनी काही अपेक्षा ठेवायचंच सोडून दिलं आहे.

गोव्याबाहेरच्या मराठी माणसाला मगो म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करा म्हणणाऱ्यांचा एक जुना पक्ष एवढंच ठाऊक असतं. गावातल्या माणसाला तो वेगळा आठवतो. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गेले, पण भाटकार गेला नाही. भाटकार म्हणजे माडबागायतीचा मालक, आणि त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणारा तो मुंडकार. घर मुंडकाराचं, पण खालची जमीन भाटकाराची. दारातला माडही त्याचा आणि त्या माडावरून पडलेला नारळही त्याचाच. छपराची कौलं बदलायची तरी विचारावं लागे, आणि बोलावणं आलं की हातातलं काम टाकून राबायला जावं लागे. शेत कसणाऱ्या कुळाची गतही फार वेगळी नव्हती. अशा माणसाला १९६३ साली पहिल्यांदा विधानसभेसाठी मत मिळालं आणि ते त्याने मगोच्या निशाणीवर, सिंहावर मारलं.

९ डिसेंबर १९६३ च्या त्या पहिल्या निवडणुकीत मुक्तीचं श्रेय घेऊन उतरलेल्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. तिची एकमेव जागा आली ती दमणमधून. तीसच्या सभागृहात मगो सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. बांदोडकर, लोकांचे भाऊ, स्वतः खाणमालक होते, श्रीमंत होते. तरीही बहुजन समाजाने त्यांना आपलं मानलं, कारण पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच सरकार गावात दिसू लागलं. १९६४ मध्ये कुळकायदा आला. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. इमारत नसेल तिथे देवळाच्या अग्रशाळेत किंवा कोणाच्या तरी पडवीत वर्ग भरे. एकच मास्तर चार इयत्तांना शिकवी, एका इयत्तेला पाढे देऊन दुसरीचं शुद्धलेखन तपासायला जाई. भाटकाराच्या मुलांना लिसेव ही पोर्तुगीज शाळा होती, घरी शिकवायला माणूस होता. कुळाच्या पोराला अक्षर भेटलं ते या शाळेत, मराठीतून. मगो आणि मराठी यांचं नातं अशा रीतीने भाकरीइतकं खरं होतं, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याचा हिशेब मागायलाच हवा.

पहिली मोठी चूक भाऊंच्याच काळातली. विधानसभा जिंकली म्हणजे विलीनीकरणाला कौल मिळाला, असं पक्षाने धरलं. सिंहावर पडलेलं मत भाटकाराविरुद्धचं होतं. त्यातलं सगळंच मुंबईच्या सचिवालयाच्या बाजूचं नव्हतं. त्यात कारभारासाठी महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर अधिकारी आणले गेले. नुकत्या शिकू लागलेल्या गोमंतकीय तरुणाला आपल्या वाट्याची खुर्ची दुसऱ्याच कोणी भरलेली दिसली. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाची निशाणी होती फूल आणि संघप्रदेशाची दोन पानं. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरलं. दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच मतदाराने मगोला पुन्हा सत्तेवर बसवलं. भाऊ आम्हाला हवेत, विलीनीकरण नको, हे याहून स्पष्ट कसं सांगायचं?

पक्षाने त्यातला पहिला अर्धा भाग ऐकला. विलीनीकरण संपल्यावर आपण नेमके कशासाठी आहोत, हे मगोने कधी बसून ठरवलंच नाही. कुळांचा पक्ष म्हणून, मराठी शिक्षणाचा पक्ष म्हणून त्याला नवी मांडणी करता आली असती. कार्यकर्ते होते, गावागावात माणसं होती. पण सगळं भाऊंच्या शब्दावर चालत राहिलं. १९७० मध्ये पक्षातच बंड झालं, तेही निभावलं गेलं ते भाऊंच्या वजनावर. १२ ऑगस्ट १९७३ ला भाऊ गेले आणि कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या.

शशिकलाताईंच्या राजवटीवर घराणेशाहीचा शिक्का मारून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कुळकायद्याची पाचवी दुरुस्ती ही त्यांच्या सरकारची कामं. मुंडकाराला घराबाहेर काढता येणार नाही, आणि कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं जाईल, हे त्यांनी कायद्यात लिहिलं. गोव्यातला जमिनीचा एक-चौदाचा उतारा हातात घेऊन पाहा. त्यावर कुळाच्या नावाचा एक रकाना असतो. तिथे आजोबांचं नाव आहे की नाही, यावर कितीतरी घरांचं पुढच्या दोन पिढ्यांचं नशीब ठरलं. भाटकारांनी कोर्टकचेऱ्या केल्या, दुरुस्ती वर्षानुवर्षं अडकली, पण रकान्यातलं नाव राहिलं. मगोने गोव्याला काय दिलं असं कोणी विचारलं, तर मी तो उतारा पुढे करीन.

आणि हे करणारं सरकार १९७९ मध्ये पडलं ते स्वतःच्याच आमदारांनी साथ सोडल्यामुळे. १९८० मध्ये पक्ष सातवर आला. त्यानंतर ताई आणि बरेचसे आमदार काँग्रेसमध्ये गेले. रमाकांत खलप मागे राहिले म्हणून सिंह जिवंत राहिला. ताई वेगळा पक्ष काढून शेवटी स्वगृही परतल्या खऱ्या, पण मगोचा आमदार फुटतो हे गोव्याला कळून चुकलं होतं.

१९९० हे वर्ष या पक्षाने काय कमावलं आणि काय उधळलं ते एकदम दाखवतं. नोव्हेंबर १९८९ च्या निवडणुकीत मगोचे १८ आमदार निवडून आले होते. काँग्रेसमधून फुटलेल्या गटाला हाताशी धरून त्यांनी राणे यांचं काँग्रेस सरकार पाडलं आणि मुख्यमंत्रिपदावर बसवलं चर्चिल आलेमाव यांना. कोकणीच्या आंदोलनात रस्त्यावर उतरलेल्या पुढाऱ्याला मराठीच्या पक्षाने मुख्यमंत्री केलं. ते पद १८ दिवस टिकलं. त्यानंतरचं सरकारही वर्ष पुरं करू शकलं नाही, आणि जानेवारी १९९१ मध्ये मगोचेच रवी नाईक गट घेऊन बाहेर पडले व काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री झाले. रवी नाईकांच्या आधीच्या त्या अल्पायुषी सरकारात ताई शिक्षणमंत्री होत्या, आणि प्राथमिक शाळांना सरकारी अनुदान फक्त मराठी किंवा कोकणी माध्यमालाच मिळेल, हा निर्णय त्यांनी घेतला. मराठीसाठी मगोने सत्तेत बसून केलेलं शेवटचं मोठं काम हेच. त्यानंतरचं दाखवायला माझ्यापाशी काही नाही.

१९९४ मध्ये भाजपशी युती झाली. तोवर भाजपचा गोवा विधानसभेत एकही आमदार नव्हता. मगोच्या खांद्यावर बसून चार जण आत आले, त्यात मनोहर पर्रीकर होते, श्रीपाद नाईक होते. पाच वर्षांनी भाजप दहावर होता आणि मगो चारवर. भाजपने मगोचा मतदार पळवला अशी तक्रार पक्षाचे लोक आजही करतात. ती मला मान्य नाही. तो मतदार बहुजन होता, हिंदू होता, मराठी वाचणारा होता. पण मगोला तो बांधून होता तो जमिनीमुळे आणि शाळेमुळे. जमिनीचं आणि शाळेचं बोलणं पक्षानेच थांबवलं. राहिला फक्त देवाधर्माचा सूर, आणि त्या सुरात भाजपचा आवाज मोठा होता.

मगो सगळ्यात उघडा पडला तो शाळेच्या प्रश्नावर. २००७ मध्ये पक्षाने काँग्रेसच्या दिगंबर कामतांना पाठिंबा दिला, काही आठवड्यांत काढून घेतला आणि पुढे पुन्हा मंत्रिपद घेतलं. २०११ मध्ये याच कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय घेतला. ताईंनी १९९० मध्ये घातलेला बांध फोडणारा हा निर्णय. म्हाताऱ्या वयात ताई स्वतः भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या वतीने त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यांच्या वडिलांचा पक्ष मात्र मंत्रिमंडळातच होता. या प्रश्नावर मगोने सरकार सोडलं नाही. सोडलं ते २०१२ ची निवडणूक तोंडावर आल्यावर. मग भाजपशी युती, तीन आमदार, दोघा ढवळीकर बंधूंना मंत्रिपदं. नव्या सरकारनेही अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालू ठेवलं आणि मगो सत्तेतच राहिला.

डिसेंबर २०१६ मध्ये मुख्यमंत्री पार्सेकरांनी दोघा बंधूंना मंत्रिमंडळातून काढलं, तेव्हा कुठे पक्षाला मातृभाषा आठवली. मातृभाषेतल्या शाळांसाठी लढणारा सुभाष वेलिंगकरांचा गोवा सुरक्षा मंच आणि शिवसेना यांच्याबरोबर युती झाली. मराठी शाळेसाठी वर्षानुवर्षं झटलेली, खिशातले पैसे घालून बैठका घेणारी माणसं त्या युतीवर विश्वास ठेवून दारोदार फिरली. मार्च २०१७ मध्ये मगोचे तीन आमदार निवडून आले, मंचाचा एकही नाही. निकालाला दोन दिवसही उलटले नव्हते, तोच मगो पर्रीकरांच्या बाजूला उभा होता. अनुदानाचं धोरण होतं तसंच राहिलं. त्या कार्यकर्त्यांना कोणी साधं बोलावून घेतलं नाही. राजकारणात तडजोडी होतात हे मला समजतं. पण ज्या मुद्द्यावर मत मागितलं तो मुद्दा वाटाघाटीच्या टेबलावर ठेवलाही जाऊ नये, याला मी फसवणूक म्हणतो.

२७ मार्च २०१९ च्या मध्यरात्रीनंतर तिघांपैकी मनोहर आजगावकर आणि दीपक पाऊसकर हे दोन आमदार भाजपमध्ये विलीन झाले. दोनतृतीयांश भरले, त्यामुळे पक्षांतरबंदी लागू झाली नाही. आठवडाभरापूर्वी उपमुख्यमंत्री झालेल्या सुदिन ढवळीकरांना घरी जावं लागलं आणि त्यांचं पद आजगावकरांकडे गेलं. हा घाव बसल्यावरही तीन वर्षांत पक्ष त्याच भाजपच्या मंत्रिमंडळात परतला.

खुद्द जमिनीचंही तेच. २०१४ मध्ये पर्रीकर सरकारने कूळ आणि मुंडकार कायद्यांत दुरुस्त्या केल्या. दावे मामलेदाराकडून काढून दिवाणी न्यायालयात नेले आणि नवा दावा करायला तीन वर्षांची मुदत घातली. मामलेदाराकडे मुंडकार स्वतः उभा राहून कोकणीत बोलू शकतो. दिवाणी न्यायालयात त्याला वकील लागतो आणि तारखेगणिक मजुरी बुडते. गावोगाव लोक चिडले, सभा झाल्या, सरकारला पुढे मागे सरावं लागलं. १९७५ आणि १९७६ चे कायदे करणाऱ्या पक्षाचे दोन मंत्री त्या वेळी सरकारात होते. राजीनामा कोणीही दिला नाही.

पुढची निवडणूक २०२७ च्या सुरुवातीला आहे आणि सिंह पुन्हा भिंतींवर दिसेल. मुंडकारांचे दावे अजून मामलेदारांच्या कचेऱ्यांत पडून आहेत. ज्यांनी ते घातले त्यातले अनेक जण हयात नाहीत, आता मुलं तारखांना जातात. पक्षाचा मंत्री आज सरकारात आहे. कोणत्या तालुक्यात किती दावे पडून आहेत आणि किती वर्षं, याची यादी त्याने विधानसभेच्या पटलावर ठेवून घ्यावी. मत मागायला येतील तेव्हा आधी तीच यादी मागणार आहे.