फ्रिगेटनं डिस्क खाल्ली? आधी रेकॉर्डिंग कुठं जातंय ते बघा

समजा, कबनूरमध्ये तुमची मागाची शेड आहे. चार कॅमेरे, जुना पीसी, त्यावर लिनक्स आणि डॉकरमध्ये फ्रिगेट. सुताचे कोन कमी भरले म्हणून मागच्या आठवड्याचं फुटेज बघायला जाता, तर ते गायब!

हिशोब साधा आहे. ४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला साधारण ४३ जीबी लिहितो. चारांचे १७३ जीबी. १ टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. जागा संपत आली की फ्रिगेट सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग स्वतःच उडवतं. म्हणून कॉन्फिगमध्ये सलग रेकॉर्डिंग २ दिवस आणि माणूस दिसलेल्या क्लिप १५ दिवस, असं वेगवेगळं लिहा.

खरी गोची मात्र दुसरीच. कंटेनरमधलं ‘मीडिया/फ्रिगेट’ फोल्डर मोठ्या हार्ड डिस्कला जोडलेलं नसेल, तर सगळं सिस्टमच्या छोट्या एसएसडीवर साठतं. जोडलं असलं तरी लाईट जाऊन आली आणि डिस्क माउंट व्हायच्या आधीच डॉकर सुरू झालं, की तेच होतं. नंतर डिस्क माउंट केली की त्या फायली तिच्याखाली झाकल्या जातात. जागा भरलेली, फाईल दिसत नाही! लाईट आल्यावर ‘डीएफ’ कमांड मारून कुठली डिस्क भरतेय ते बघाच.

डॉकरच्या लॉगलाही मुळात मर्यादा नसते, ‘मॅक्स-साइझ’ १० एमबी ठेवा. आणि जागा करायला घाईत ‘प्रून’ मारू नका. बंद पडलेला कंटेनर उडतो, त्याच्या आत साठलेलं फुटेजही.