वनमालाच्या वाहतुकीसाठी मोठ्या वाहनाचे लायसन्स

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेच्या हाती २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक पासांचे पुस्तक देण्यात आले. गावाच्या वनातील बांबू गावाने तोडावा, गावाने विकावा आणि त्याच्या वाहतुकीचा पासही गावानेच द्यावा, ही गोष्ट त्या दिवसापासून प्रत्यक्षात आली. तथापि वनहक्क कायद्याखालील २००८ च्या नियमांत गौण वनोपज नेण्याची साधने डोक्यावरील भारा, सायकल व हातगाडी एवढीच सांगितली होती. बांबूसारखा माल सायकलवरून किती जाणार? सन २०१२ मध्ये हे नियम सुधारण्यात आले आणि वनक्षेत्रात व त्याबाहेरही योग्य त्या वाहनाने माल नेण्यास मोकळीक मिळाली. पुढे २०१७ च्या सुधारणेने वनाबाहेर, म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावर वाढलेला बांबू वन कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळण्यात आला.

याप्रमाणे माल गावाचा झाला. परंतु तो नेणारा ट्रक आणि त्या ट्रकचा चालक पुष्कळ ठिकाणी व्यापाऱ्याचाच राहिला आहे. भाड्याचा दर व गाडी येण्याचा दिवस मग तोच ठरवितो, आणि तोडलेला बांबू डेपोवर वाळत पडतो. गावातील दोन-चार तरुणांजवळ मोठे वाहन चालविण्याचे लायसन्स असेल तर ग्रामसभेला स्वतःची गाडी ठेवण्याचा विचार तरी करता येतो. मात्र असे लायसन्स हंगामाच्या तोंडावर अर्ज करून मिळत नाही. त्यास वर्षाहून अधिक काळ लागतो आणि याच मुद्द्याकडे बहुधा दुर्लक्ष होते.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे हलके मोटार वाहन चालविण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. मालवाहू, म्हणजे परिवहन वाहनासाठी २० वर्षे. शिवाय हलक्या वाहनाचे पक्के लायसन्स निदान एक वर्ष जवळ असल्याखेरीज परिवहन वाहनाचे शिकाऊ लायसन्सही देता येत नाही. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते, आणि ते मिळाल्यावर ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्या लायसन्ससाठी चाचणी देता येत नाही. हिशेब केला तर दोन्ही टप्पे मिळून सुमारे चौदा महिने होतात. म्हणून ज्या मुलाला ट्रक चालवावयाचा आहे त्याने अठराव्या वर्षीच हलक्या वाहनाचे लायसन्स काढून ठेवावे, हे श्रेयस्कर. परिवहन वाहनासाठी डॉक्टरचा दाखला व मोटार प्रशिक्षण शाळेचे प्रमाणपत्रही जोडावे लागते. पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या, पण हात तयार असलेल्या तरुणांना या एका बदलाने मोठी वाट मिळाली आहे. ग्रामसेवकांनी ही माहिती अशा घरांपर्यंत आवर्जून पोचवावी.

प्रत्येक मालगाडीला मोठे लायसन्स लागतेच असे मात्र नाही. हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालविता येते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही गोष्ट निश्चित केली. एकूण वजन म्हणजे गाडी व तिच्यात भरण्यास मान्य असलेला माल यांचे मिळून वजन. ते नोंदणीपुस्तकात लिहिलेले असते, व तेथेच पाहावे. लहान टेम्पो या मर्यादेत बसतो, बांबूचा मोठा ट्रक बसत नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत, चालकाजवळ ट्रॅक्टरचे लायसन्स असता केवळ मागे ट्रॉली जोडल्यामुळे ते निरुपयोगी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले आहे. ट्रॉलीची नोंदणी मात्र स्वतंत्र करावी लागते आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांकही तिच्यावर दिसावा लागतो. शेतीकामासाठी नोंदलेली ट्रॉली भाड्याने वनमाल वाहण्यास लावल्यास अपघातानंतर विमा कंपनी नेमका त्यावरच बोट ठेवते.

लायसन्स हाती आले म्हणजे गाडी हाती आली असे नव्हे. जोडवाहन मागे घेताना स्टेअरिंग उजवीकडे वळविले की ट्रॉलीचे मागचे टोक डावीकडे जाते, आणि वळण थोडे जास्त झाले की ट्रॉली ट्रॅक्टरला घडी पडल्यासारखी येऊन भिडते. नव्या चालकाने रिकाम्या ट्रॉलीवर, मोकळ्या मैदानात ही सवय पुरती करून घ्यावी. ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच जोडावी. उंच जोडल्यास चढणीवर पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर उलटतो. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही ब्रेकच्या पायट्या पट्टीने एकत्र जोडाव्यात, नाहीतर एकच चाक अडून ट्रॅक्टर आडवा फिरतो. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा डिझेल वाचविण्याचा मार्ग नव्हे. ज्या खालच्या गिअरमध्ये ती चढली असती त्यातच ती उतरवावी. बांबू हलका वाटतो म्हणून उंच रचला जातो. पण भार जितका उंच, तितकी गाडी वळणावर कलंडण्यास तयार. भाऱ्यावर मजूर बसवून नेण्याची रीत तर सर्वस्वी बंद झाली पाहिजे.

सन २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातील दंडही वाढले. मर्यादेपेक्षा अधिक भार भरल्यास २०,००० रुपये व जादा प्रत्येक टनास २,००० रुपये. माल गाडीच्या बाजूंना, पुढे, मागे वा उंचीत मर्यादेबाहेर आल्यास २०,००० रुपये. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही दंड होतो. सर्वांत कडक तरतूद अल्पवयीनांविषयी आहे. सोळा वर्षांचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर गेला व त्याच्या हातून गुन्हा घडला, तर पालक वा मालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. गावोगाव हे सर्रास चालते आणि कौतुकाने पाहिले जाते, म्हणून येथे स्पष्टपणे लिहिणे भाग आहे.

परिवहन वाहनाच्या लायसन्सची मुदत पूर्वी ३ वर्षांची होती, ती २०१९ च्या दुरुस्तीने ५ वर्षांची झाली. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदत संपून वर्ष उलटल्यास पुन्हा चाचणी द्यावी लागते. आणि मधल्या काळात गाडी चालविणे हे विनालायसन्स चालविण्यासारखेच ठरते. ग्रामसभेने चालक नेमला असेल तर त्याच्या लायसन्सची अखेरची तारीख वाहतूक पासांच्या नोंदवहीतच लिहून ठेवावी, म्हणजे पास फाडताना ती प्रत्येक वेळी नजरेखालून जाईल.