दोष हाताचा की गिटारीचा?

'बेस गिटार मुलींच्या हाताला झेपत नाही हो!' लेकीचं उजवं मनगट दुखायला लागलं, तेव्हा हे ऐकावं लागलं. आमच्या वाशिममध्ये आधीच बेस गिटार म्हणजे काय, हे सांगता सांगता पुरेवाट. चार जाड तारा, गाण्याला खर्जाचा आधार, एवढं सांगितलं की लोक म्हणतात, 'मग साधी गिटारच शिकव ना!'

पण मैत्रिणींनो, मी तंबोऱ्यासोबत वाढले. बायकांचा तंबोरा पुरुषांच्या तंबोऱ्यापेक्षा लहान असतो, कारण पट्टी वरची. मिरजेचे कारागीर गळा बघून वाद्य देतात. मग इथेच दोष हाताचा कसा?

अमेरिकेत लिओ फेंडर यांची 'प्रिसिजन बेस' 1951 साली आली. तिच्यावर एक टेकू होता, बारीक तारेच्या खालच्या बाजूला. बोटं त्याला धरायची नि अंगठ्यानं तार छेडायची, अशी कल्पना. वादक मात्र बोटांनी वाजवू लागले. शेवटी 1970च्या दशकात टेकू वर, जाड तारेच्या बाजूला, अंगठ्यासाठी आला. तिची फळीसारखी चौकोनी कडाही 1954 साली उतरती झाली. म्हणजे हातासाठी वाद्य बदलतं की!

मग आम्ही मायलेकींनी गिटार नीट पाहिली. 'पोरीला सोपं जाईल' म्हणून पट्टा आखूड बांधलेला. त्यामुळे गिटार छातीशी, कोपर वर आणि मनगट काटकोनात वाकलेलं. पट्टा थोडा सैल केला, मनगट सरळ झालं. तारा फार उंच होत्या. अकोल्याच्या कारागिराकडून खाली घेतल्या. अंगठा पिकअपवर हलकाच टेकवायचा आणि आवाज बोटाच्या जोरानं नाही, अँप्लिफायरनं वाढवायचा, हे ठरलं. तार ब्रिजजवळ ताठ लागते, मानेकडे मऊ. हात दुखला की तिनं मानेकडे सरकायचं. महिनाभरात दुखणं कमी झालं.

नेहमीच्या बेसची तार 34 इंचांची. 30 इंचांचीही मिळते, तिच्या तारा सैल लागतात. घेताना दोन्ही हातात धरून बघा. मुंग्या येत असतील, तर मात्र डॉक्टरांकडेच जा. आणि मुंबईच्या मोहिनी डे यांना एकदा वाजवताना पाहा. ए. आर. रेहमान यांच्यासोबत वाजवणारी ही बाई बघितली की 'मुलींचा हात' हा विषयच संपतो!