टोपलीपासून पार्सलपर्यंत : छोट्या ऑनलाइन दुकानासाठी सॉफ्टवेअर कसं निवडावं

‘शॉपिफाय घेऊ की वूकॉमर्स?’ हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि आम्ही त्याचं उत्तर लगेच कधीच देत नाही. विचारणारा काय विकतो, महिन्याला किती पार्सलं निघतात आणि घरातलं कोण संगणकाशी झटापट करणार आहे, हे कळल्याशिवाय त्या प्रश्नाला अर्थच नाही. म्हणून आज एक उदाहरण धरून चालू या.

समजा चिपळूणजवळच्या गावातलं एक कुटुंब आहे. आमसुलं, कोकम आगळ, आंबापोळी, मेतकूट, कुळथाचं पीठ असा माल. आतापर्यंत ऑर्डर व्हॉट्सॲपवर यायच्या आणि सूनबाई त्या वहीत उतरवायच्या. महिन्याला दहा-पंधरा ऑर्डर होत्या तोवर वही पुरली. मग दिवाळीच्या आधी एकदम शंभर निरोप आले. कुणी पैसे पाठवले पण पत्ता नाही, कुणी पत्ता पाठवला पण पैसे नाहीत. आता त्यांना वेबसाइट हवी आहे. पण पैसा मोजका. सॉफ्टवेअरमध्ये घातलेला प्रत्येक रुपया कच्च्या मालातून आणि बरण्यांतून कमी होणार.

आधी कार्ट म्हणजे नेमकं काय ते पाहू. वेबची मूळ रचना विसराळू आहे. तुम्ही एक पान उघडलंत, मग दुसरं उघडलंत, तर दोन्ही वेळचा माणूस एकच आहे हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. मग टोपलीत टाकलेलं मेतकूट लक्षात कोण ठेवणार? १९९४ साली नेटस्केपमधल्या लू मोंटुली यांनी यावर ‘कुकी’ हा उपाय काढला. ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये एक छोटी खूणचिठ्ठी ठेवायची आणि प्रत्येक भेटीत ती परत मागायची. आज जाहिरातींमुळे बदनाम झालेल्या कुकीच्या जन्मामागे ही खरेदीची टोपलीच होती.

पण टोपली हा सोपा भाग आहे. बहुतेक दुकानदार डेमो बघताना टोपलीच बघतात. रंग कसा आहे, बटण कुठे आहे वगैरे. खरी परीक्षा त्याच्या पुढे सुरू होते. टोपली म्हणजे इच्छा, ऑर्डर म्हणजे वचन आणि पेमेंट म्हणजे पैसे. या तीन वेगळ्या नोंदी आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत्या ठेवणं हेच या सॉफ्टवेअरचं मुख्य काम.

आता हा प्रसंग बघा. ग्राहकाने ६०० रुपयांची ऑर्डर केली, फोनवर यूपीआय ॲप उघडलं, पिन टाकला, पैसे गेले. तेवढ्यात आईचा फोन आला आणि ते ब्राउझरचं पान परत उघडलंच नाही. आता तुमच्या दुकानाला पैसे आल्याचं कळणार कसं? साधं सॉफ्टवेअर ग्राहक परत पानावर येण्याची वाट बघतं. तो आला नाही, तर ऑर्डर ‘प्रलंबित’ दाखवून काही वेळाने रद्द करतं. पैसे मात्र आलेले असतात! नीट बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये पेमेंट गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट निरोप पाठवतो, ग्राहकाचा फोन बंद असला तरी. या निरोपाला वेबहुक म्हणतात. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा : ‘वेबहुक आहे का? आणि तो एकदा चुकला तर नंतर ताळमेळ कसा होतो?’ समोरचा गोंधळला तर समजून घ्या.

असाच प्रश्न साठ्याचा. आंबापोळीचं शेवटचं पाकीट दोघांनी एकाच वेळी टोपलीत टाकलं, तर ते कुणाचं? टोपलीत टाकल्याबरोबर राखून ठेवलं तर नुसते बघे लोक तुमचा साठा अडवून बसतील. पैसे आल्यावरच कमी केलं तर दोघांकडून पैसे येतील. वूकॉमर्समध्ये यासाठी पैसे न भरलेल्या ऑर्डरचा साठा किती मिनिटं धरून ठेवायचा अशी सोय आहे. ठरलेला आकडा ६० मिनिटं असतो, तो बदलता येतो. हंगामी माल विकणाऱ्याने हा आकडा स्वतः ठरवावा.

आता पर्याय. ढोबळमानाने दोन जाती आहेत. एक भाड्याच्या गाळ्यासारखी : शॉपिफाय, झोहो कॉमर्स, इन्स्टामोजो ही मंडळी. दिवाबत्ती, कुलूप, झाडलोट मालकाची, तुम्ही दरमहा भाडं भरायचं. दुसरी स्वतःच्या जागेवर बांधलेल्या दुकानासारखी : वर्डप्रेसवर चालणारं वूकॉमर्स, ओपनकार्ट, प्रेस्टाशॉप. हे सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेता येतं, पण जागा, म्हणजे होस्टिंग, तुमचं आणि गळकं छपरही तुमचंच.

‘फुकट’ या शब्दाने फार लोक फसतात, म्हणून आकडे मांडू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. सरासरी ऑर्डर ६०० रुपये. माल, डबा आणि कुरिअर वजा जाता १२० रुपये उरतात. गेटवेचं शुल्क २ टक्के धरलं तर १२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४ रुपये १६ पैसे. हे दोन्ही जातींत जाणारच. आता शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात मिळत नाही, त्यामुळे बाहेरचा गेटवे जोडावा लागतो आणि त्यावर शॉपिफाय आपला वेगळा व्यवहार-आकार लावतं. खालच्या योजनेत २ टक्के धरू, म्हणजे आणखी १२ रुपये. आणि महिन्याचं भाडं समजा २,००० रुपये. सोयीसाठी या दोन्हींवरचा कर सोडून देऊ.

महिन्याला ४० ऑर्डर असतील तर भाड्याचा बोजा दर ऑर्डरला ५० रुपये पडतो. एकूण ७६ रुपये १६ पैसे गेले, १२० पैकी हातात ४४ सुद्धा उरले नाहीत. ऑर्डर ४०० झाल्या की भाडं दर ऑर्डरला ५ रुपयांवर येतं आणि जवळजवळ ८९ रुपये उरतात.

वूकॉमर्सचं काय? होस्टिंग आणि डोमेन महिन्याला ५०० रुपये धरा. अद्ययावत करणं, बॅकअप, प्लगिनची भांडणं सोडवणं याला कुणी जाणता माणूस महिन्याला १,५०० घेतो असं धरा. झाले की परत २,०००! ४० ऑर्डरवर दोन्हींत फरक फक्त त्या १२ रुपयांचा, म्हणजे महिन्याला ४८० रुपये. तेवढ्यासाठी डोक्याला ताप करून घेऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. ४०० ऑर्डरवर तोच फरक ४,८०० रुपये होतो, आणि तिथे विचार करावा लागतो. घरातच एखादा मुलगा किंवा मुलगी हे काम आवडीने करणारी असेल तर गणित आणखी बदलतं. पण ती परीक्षेच्या किंवा नोकरीच्या गावी गेली तर काय, हेही आधीच ठरवा.

यूपीआयबद्दल एक : बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर व्यापाऱ्याकडून एमडीआर घ्यायचा नाही असा नियम जानेवारी २०२० पासून आहे. तरी गेटवे कंपनी आपल्या सेवेचा आकार वेगळ्या नावाने लावू शकते. दरपत्रकातली यूपीआयची ओळ स्वतंत्र वाचा.

आता कर. परदेशात तयार झालेली पुष्कळ सॉफ्टवेअर इथेच अडखळतात. तिकडे अनेक ठिकाणी किंमत आधी आणि कर शेवटी, अशी रीत आहे. आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापलेली, सर्व करांसह. समजा वस्तूवर ५ टक्के कर आहे आणि एमआरपी २१० रुपये. सॉफ्टवेअरला ‘किंमत करासहित आहे’ असं सांगता आलं तर ते २०० अधिक १० अशी फोड करतं. नाही सांगता आलं तर ते २१० वर आणखी १० रुपये ५० पैसे चढवतं, आणि तुम्ही एमआरपीपेक्षा जास्त घेणारे ठरता. पुढची पायरी : पार्सल पुण्याला गेलं तर ते १० रुपये केंद्राचे ५ आणि राज्याचे ५ असे विभागायचे. पणजीला गेलं तर पुरे १० आयजीएसटी. चिपळूणहून गोवा कितीही जवळचा वाटला तरी कराच्या दृष्टीने ते परराज्य! आणि दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकायचा असेल तर, काही अपवाद सोडता, उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. ऑनलाइन दुकानाला ग्राहक कुठून येईल सांगता येत नाही, म्हणून हे सी.ए.ला आधीच विचारून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ ला १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले तेव्हा ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कराचे गट होते त्यांनी एका जागी बदल केला. बाकीच्यांना एकेक वस्तू उघडत बसावं लागलं असणार.

पाठवणीचं थोडक्यात. कुरिअर नुसतं वजन बघत नाही, आकारमानही बघतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायची, ही रूढ रीत. ३० बाय २५ बाय २० चा खोका म्हणजे ३ किलो, आत दीड किलो पापड असले तरी. सॉफ्टवेअरमध्ये वस्तूची मापं भरायची सोय नसेल तर हा फरक तुमच्या खिशातून जातो. पिनकोडवरून दर ठरवता आला पाहिजे आणि कॅश ऑन डिलिव्हरी ठरावीक पिनकोडना बंदही करता आली पाहिजे. परत आलेल्या पार्सलाचं जाणं-येणं दोन्ही आपल्या बोकांडी बसतं. (ही सहा आकडी पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित होते, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.)

मराठी दुकानाला एक खास चाचणी आम्ही सुचवतो. ग्राहकाचं नाव ‘ज्योत्स्ना’ आणि वस्तू ‘दिवाळी फराळ’ असं देवनागरीत भरून पूर्ण ऑर्डर करा आणि बिलाची पीडीएफ उघडा. पडद्यावर छान दिसणारा मजकूर पीडीएफमध्ये फुटतो. जोडाक्षरं सुटी होतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, कधी नुसते चौकोन उमटतात. बिल हा ग्राहकाच्या हातात राहणारा कागद आहे. तो असा गेला तर दुकानाची काय पत राहते?

आता ज्याबद्दल आम्हाला जरा राग आहे तो भाग. पुष्कळ सॉफ्टवेअरं ‘विक्री वाढवणाऱ्या’ सोयी मिरवतात : टोपलीत आपोआप टाकलेली देणगी, आधीच टिक केलेला चौकोन, ‘फक्त २ शिल्लक’ असा खोटा फलक, शेवटच्या पायरीवर उगवणारा आकार. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ फसव्या युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली आहे. ग्राहकाला न विचारता टोपलीत काही घुसडणं त्यात नावानिशी आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आधीच टिक केलेल्या संमतीला बंदी आहे आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यावं लागतं. ‘सॉफ्टवेअरमध्येच तसं होतं’ ही सबब आपल्याला वाचवणार नाही. म्हणून या सोयी बंद करता येतात का ते बघा.

सुरक्षिततेचं साधं सूत्र : कार्डाचा क्रमांक आपल्या साइटवर भरून घेऊच नका, तो गेटवेच्या पानावर भरला जाऊ द्या. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर चोरांनी पैसे भरण्याच्या पानातच चोरटा कोड घुसवून ग्राहकांची कार्डं टिपली होती. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे झालं, तर तीन वर्षं न हात लावलेल्या प्लगिनवर चालणाऱ्या आपल्या दुकानाचं काय?

एकांची चिठ्ठी आली आहे : ‘एकदा निवडल्यावर बदलता येतं का?’ येतं, पण दुखतं. मॅजेंटो नावाचं मोठं सॉफ्टवेअर २००८ ला आलं, २०१८ मध्ये ॲडोबीने ते विकत घेतलं, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीचा आधार जून २०२० मध्ये थांबला. दुसरी आवृत्ती इतकी वेगळी होती की दुकानदारांना दुकान जवळजवळ नव्याने बांधावं लागलं. तेव्हा पैसे भरण्याआधीच, चाचणीच्या काळात, वस्तू, ग्राहक आणि जुन्या ऑर्डर सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढून बघा. तिन्ही निघतात का? फोटो बरोबर येतात का? आणि डोमेन कुटुंबातल्या माणसाच्या नावावर, त्याच्या ईमेलवर नोंदवा, साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर नाही.

दुसरी चिठ्ठी : ‘आमच्या महिन्याला वीसच ऑर्डर आहेत, आम्ही काय करावं?’ ताई, तुम्ही आत्ता कार्ट घेऊच नका. गेटवेच्या पेमेंट लिंका वापरा, वस्तूंचा एक नीट तक्ता करा, वहीऐवजी स्प्रेडशीट ठेवा आणि त्यात पिनकोडचा रकाना पहिल्या दिवसापासून भरा. येत्या दिवाळीत किती ऑर्डर हाताबाहेर गेल्या ते मोजा. तो आकडा घेऊन या, मग आपण शॉपिफाय की वूकॉमर्स ते बोलू.