रंगाआधी भेग बघा

श्रीरामपुरात आमच्या जुन्या घराचं काम काढलं, तेव्हा मिस्त्रींनी टाइल्सचा विषय बाजूला सारून आधी खिडकीच्या कोपऱ्यातली तिरकी भेग दाखवली.

इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पायाही हलतो. अशा भेगेत नुसती पुट्टी भरली की वर्षभरात ती पुन्हा उघडते. रंगाचे पैसे पाण्यात.

म्हणून आधी पाण्याला वाट काढून द्या. पन्हाळीचं, न्हाणीचं पाणी जोत्याशी मुरू देऊ नका. जोत्यालगत बाहेरच्या बाजूला उतार देऊन कोबा करा.

नऊ इंची भिंत पाडायचीय? इंजिनिअरला दाखवल्याशिवाय घण घालू नका. तिच्यावर बहुधा स्लॅबचा भार असतो.

काम चालू असताना धूळ अगदी भातातसुद्धा लागते! पण खिडकी मोठी केल्यापासून आईला दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागत नाही.

तुमच्याकडे भेग असेल तर फोटो टाका. कोणत्या महिन्यात रुंदावते, तेही लिहा.