नाकाच्या शेंड्याला कूर्चेचा टेकू

नाकाचा शेंडा हाडाचा नसतो. चिमटीत धरून हलवला की लगेच कळतं. आत कूर्चेच्या दोन लवचीक कमानी असतात. त्या दुबळ्या असल्या की शेंडा बसका दिसतो. मग सर्जन रुग्णाच्याच शरीरातली कूर्चा काढून तिथे बसवतात.

पहिली पसंती नाकाच्या मधल्या पडद्याला. तिथली कूर्चा सरळ, ताठ आणि हाताशीच. पण सगळा पडदा कापून चालत नाही. वरच्या आणि पुढच्या कडेला निदान १ सेंटिमीटरची पट्टी राखावी लागते, नाहीतर शेंडा सुधारायला जावं आणि नाकच खचावं! पडदा पुरला नाही तर कानाच्या वाटीतली, मुळातच वळलेली कूर्चा. जास्त लागली तर बरगडीची, पण ती पुढे वाकू शकते.

नाकपुड्यांमधल्या खांबात उभी पट्टी घातली की शेंड्याला टेकू मिळतो. अमेरिकी सर्जन जॅक शीन यांनी १९७५ मध्ये ढालीच्या आकाराचा तुकडा शेंड्यावर बसवण्याची रीत मांडली. कातडी पातळ असेल तर त्याच्या कडा कालांतराने बाहेरून उमटतात, म्हणून त्या नीट तासतात. जाड कातडीखाली मात्र सगळी कारागिरी झाकली जाते. शेंड्याची सूज सर्वांत शेवटी, कधी वर्षभराने उतरते.